अकरा ठिपक्यांची हजेरी

बाबालाल शिकलगार तपासणीच्या फळीवर आडवे झाले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"काय पोरी, हजेरी घ्यायची न्हवं?"

आणि अक्षता मगदूमचं उत्तरही ठरलेलं. "घ्यायची की चाचा. पण डोकं हलवायचं नाही. डोकं हललं की पोरं पांगतात."

मग चाचा डोळे मिटून असे निपचित पडत की अक्षताला दर वेळी हसू येई. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस मिरजेत जन्मभर तंबोरे घडवत आला होता आणि गप्प राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तपासणी संपली की ती काचेआडून बाहेर येई, त्यांना हाताला धरून उठवी आणि म्हणे, "अकरा. सगळे हजर." त्यावर चाचा "शाब्बास" म्हणत. ती शाबासकी तिला नसे, त्या अकरांना असे.

२०४१ सालच्या फेब्रुवारीत मात्र ती काचेआडून लवकर बाहेर आलीच नाही.

तिच्यासमोर पडद्यावर चाचांच्या मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डावीकडचं नेहमीचं. त्यात अकरा काळे ठिपके जागच्या जागी होते, भाकरीवर पडलेल्या करपट डागांसारखे. उजवीकडचं चित्र नव्या तपासणीचं. तिथं ठिपक्यांच्या जागी उजेड दिसायला हवा होता. सकाळी जयसिंगपूरच्या एका बाईंची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या मेंदूत तो असा लखलखला होता की अक्षता खुर्चीतून उठून उभी राहिली होती. चाचांच्या चित्रात काहीच नव्हतं.

तिनं डोस तपासला. सुई नीट लागली होती का ते पाहिलं. वीस मिनिटं थांबून पुन्हा चित्र काढलं, मग तिसऱ्यांदा काढलं. तेरा वर्षं या विभागात काढल्यावर आपली चूक कुठं असू शकते याची तिला पुरती यादी पाठ होती, आणि त्या यादीतलं काहीही घडलेलं नव्हतं.

"आज लई वेळ लावलीस," चाचा आतून ओरडले. "कोण दांडी मारून गेलं का काय?"

ती बाहेर आली. त्यांना हात दिला. "अकरा," ती म्हणाली. "सगळे हजर."

ठिपके अकराच होते, तेव्हा आपण खोटं बोललो नाही, असं तिनं पुढचे चार तास स्वतःला बजावलं.

आता हे ठिपके म्हणजे काय ते सांगायला हवं. मेंदूत खोलवर काही मोजक्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हात उचलावा, पेला धरावा, पाऊल टाकावं, या साध्या गोष्टी त्या रसायनावर चालतात. पार्किन्सन झालेल्या माणसाच्या या पेशी मरत जातात आणि हात त्याचं ऐकेनासा होतो. चाचांच्या मेंदूत दीड वर्षापूर्वी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या परक्या पेशी बारीक सुईनं अकरा ठिकाणी सोडल्या होत्या. पण कवटीच्या आत गेलेली पेशी जगली की मेली हे बाहेरून कळणार कसं? म्हणून सोडण्याआधी प्रत्येक पेशीला लोखंडाची धूळ खाऊ घालतात. इतकी बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातही तिचा कण दिसू नये. चुंबकाच्या मशीनला ते लोखंड काळं दिसतं. गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तसाच हा प्रकार. घंटा वाजली की गाय कुठं आहे ते कळतं.

घोटाळा एवढाच, की गाय मेली तरी घंटा मरत नाही. पेशी मेली की मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन तिला गिळतात. बाकीचं पचतं, लोखंड पचत नाही. ते पोटात घेऊन त्या तिथंच बसून राहतात, आणि मशीनला तोच काळा ठिपका दिसत राहतो. हे पुस्तकात होतं. अक्षतानं ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पाठ केलेली गोष्ट आणि रोज डोळ्यांना दिसणारी गोष्ट यांची कुस्ती लागली की दिसणारीच जिंकते.

या पेशींमध्ये आणखी एक खूण आधीपासून घालून ठेवलेली होती. एक जनुक, जे माणसाच्या अंगात कधीच नसतं असं एक प्रथिन तयार करतं. किंचित किरणोत्सारी औषध टोचलं की ते फक्त त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथं उजेड दिसतो. मेलेली पेशी प्रथिन करत नाही, म्हणून उजेडही पडत नाही. अडचण एवढीच होती की रक्तातून मेंदूत शिरू शकेल असं औषध आजवर नव्हतं. ते या वर्षी आलं. तोवर सगळे जण घंटाच मोजत बसले होते.

अक्षताचं आणि चाचांचं नातं मात्र ठिपक्यांच्या आधीचं. तिचे वडील मगदूम सर मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. त्यांचा तंबोरा चाचांच्या हातचा. लहानपणी वडिलांचा हात धरून ती चाचांच्या कारखान्यात जायची आणि भोपळ्यांच्या राशीत बसून राहायची. तंबोऱ्याची तार हाडाच्या एका पट्टीवरून जाते, तिला घोडी म्हणतात. त्या घोडीला डोळ्यांना दिसणार नाही असा उतार द्यावा लागतो. कानस केसभर जास्त फिरली तर तार 'थप्प' करून मरते. बरोबर फिरली तर सूर फुलतो आणि भुंग्यासारखा गुंजत राहतो. त्या गुंजनाला जवारी म्हणतात. एव्हाना दांडी, भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी तबली, नक्षी सगळं मशीन कोरू लागलं होतं. जवारी तेवढी हाताची आणि कानाची राहिली होती, आणि ती काढावी तर बाबालालनी, असं गवई लोक म्हणत.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कानस घोडीवर टेकली की नाचायची. त्यांची बायको हलीमाचाची चहाचा पेला अर्धाच भरू लागली आणि तो पुढं ठेवताना नवऱ्याकडं बघेनाशी झाली. मगदूम सर वारले त्या वर्षी अक्षता वडिलांचा तंबोरा घेऊन गेली. जवारी पार झिजली होती. चाचांनी तार छेडली, मान कलती करून ऐकलं आणि तंबोरा कोपऱ्यात उभा केला. "हात आला की काढतो," ते म्हणाले. हात येणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. अक्षतानंच मग खटपट करून त्यांना इस्पितळातल्या प्रयोगात घातलं.

आणि तिथं तिनं नियमाबाहेरची एक गोष्ट केली. पहिल्या तपासणीचं चित्र छापून चाचांना दिलं. प्रयोगातल्या माणसाला चित्रं दाखवायची नसतात. पण म्हातारा इतका घाबरला होता, की तिला राहवलं नाही. चाचांनी तो कागद कारखान्यात भिंतीला चिकटवला. त्यांच्या वडिलांच्या काळात कारखाना उघडला की आधी शागिर्दांची हजेरी होई, मगच कानशी हातात मिळत. आता एकही शागीर्द उरला नव्हता. चाचांनी त्या अकरा ठिपक्यांना जुन्या शागिर्दांची नावं दिली. रोज सकाळी कागदासमोर उभं राहून ते नावं घेत. "दस्तगीर. हजर. मारुती. हजर. लाडलेसाब. हजर."

दीड महिन्यानं हात थोडा निवला. चौथ्या महिन्यात हलीमाचाचीनं एकदा पेला काठोकाठ भरून पुढं ठेवला. चाचांनी तो उचलला, प्याले, खाली ठेवला. थेंब सांडला नाही. चाची पदर तोंडाला लावून आत निघून गेली. त्याच महिन्यात चाचांनी पुन्हा कानस धरली, आणि सांगली-कोल्हापूरकडचे गवई परत मिरजेला येऊ लागले.

तपासणीच्या संध्याकाळी अक्षता दोन्ही चित्रं घेऊन डॉ. राजश्री शिरगुप्पेंच्या खोलीत गेली. हा प्रयोग त्यांचा होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"पुन्हा काढलंस?"

"तीनदा काढलं मॅडम. जयसिंगपूरच्या बाईंना त्याच खेपेतला डोस दिला होता."

"म्हणजे गेल्या सगळ्या," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक पहिल्याच महिन्यात."

"पण हात तर त्यानंतर थांबला. तो कुणी थांबवला मग?"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "त्यांच्या स्वतःच्या थोड्या पेशी अजून उरल्यात. आता मी बरा होणार असं माणसाला मनापासून वाटलं, तर त्या उरलेल्या पेशी जिवाचं रान करतात. डोपामिन खरोखर सुटतं, मोजताही येतं. ढोंग नाही ते. या आजारात तर हे फारच दिसतं. त्यांना पेशींचा गुण आला नाही, अक्षता. तू दिलेल्या चित्राचा आला."

ही शाबासकी की बोलणी हे अक्षताला कळेना. "त्यांना सांगायचं का?"

"सांगितलं तर हात जाईल. महिन्यात जाईल, कदाचित त्याच दिवशी. नाही सांगितलं तर गोळ्या चालू राहणार." परक्या पेशी दिसल्या की शरीर त्यांना मारून टाकतं. ते होऊ नये म्हणून चाचा शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत होते. "ज्यांना वाचवायला त्या गोळ्या, ते कधीच मेलेत. मूत्रपिंडं आत्ताच कुरकुरतायत. आणि त्यात हा माणूस दिवसभर धुळीत बसणारा. साधी बुरशीसुद्धा त्याचा जीव घेईल."

मॅडमनी दोन्ही चित्रं अक्षताकडं परत सरकवली. मग म्हणाल्या, "गोळ्या थांबवू. पेशी रुजल्या, आता गोळ्यांची गरज नाही, एवढंच सांग. प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीपुढं अहवाल जाईल तेव्हा पुढचं बघू."

"हे खोटं झालं मॅडम."

"झालंच. तुझ्याकडं दुसरं काही आहे?"

नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अक्षताला हायसंच वाटलं. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा तो तोडगा होता. असे तोडगे सुचतात तेव्हा फार शहाणे वाटतात.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. चाचा गुडघ्यात घोडी धरून कानस फिरवत होते. हात असा स्थिर, की तिला क्षणभर वाटलं मशीनच चुकलं असेल.

"चाचा, खुशखबर. गोळ्या बंद. पेशी रुजल्या तुमच्या."

कानस थांबली. "आन् पहारेकरी?"

हा शब्द तिचाच. दीड वर्षापूर्वी गोळ्यांची पहिली पट्टी हातात देताना तिनं त्यांना समजावलं होतं, की शरीराचे पहारेकरी परकी पोरं दिसली की ठार मारतात. ही गोळी पहारेकऱ्यांना झोपवते. डॉक्टर विसरतील, मी विसरेन, तुम्ही विसरायचं नाही. एक गोळी चुकली की एक शागीर्द गेला समजा. चाचांनी तेव्हा देवाला हात जोडावेत तसे त्या पट्टीला जोडले होते.

"पहारेकरी उठतील," ती म्हणाली. "उठू देत. आता ओळख झाली त्यांची पोरांशी."

"अशी वळख हुती व्हय?"

"होते."

चाचांनी भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तू म्हणतीस तर बरोबरच असंल," ते म्हणाले आणि विषय बदलला. "तुझ्या बापाचा तंबोरा काढतो आता. लई दिवस उभा हाय बिचारा."

तिनं ते बोलणं होकार समजून घेतलं. ती आनंदात घरी गेली, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

मे महिन्यात भोपळ्यांची नवी गाडी आली. वाळलेला भोपळा कापला की आतून बिया, चोथा आणि काळीहिरवी बुरशी निघते, आणि तो खरवडताना सगळा कारखाना धुरकट होतो. चाचांनी जन्मभर ती धूळ खाल्ली होती. यंदा ते खोकू लागले. पंधरा दिवसांनी हलीमाचाचीचा फोन आला. "अक्षता, जरा येऊन जा. खोकताना रक्त पडतंय. मला सांगू नको म्हणतात कुणाला."

फुफ्फुसाचं चित्र अक्षतानंच काढलं. बुरशीनं दोन्हीकडं घरं केली होती. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉ. शिरगुप्पे स्वतः तिच्या खोलीत आल्या.

"गोळ्या आपण फेब्रुवारीत थांबवल्या ना? यांच्या रक्तात तर पुरेपूर आहेत. कोण देतंय?"

कोणी देत नव्हतं. चाचा जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून आणत होते आणि तारांच्या डब्यात, पितळी तारांच्या वेटोळ्याखाली ठेवत होते. सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन महिन्यांत एकही चुकली नव्हती. दवाखान्यात भरती झाल्यावरही पट्टी उशीखाली होती. नर्सनं एकदा काढून घेतली, तर चाचीनं दुसरी आणून दिली. नवऱ्यानं तिला कुराणाची शपथ घातली होती.

"गोळी पोटात जातेय तोवर बुरशीवरचं औषध वाया," मॅडम म्हणाल्या. "असंच चाललं तर दोन आठवडे जगतील, फार तर तीन. आपल्या खोट्यानं भागलं नाही, अक्षता. तू जाशील की मी जाऊ?"

"मी जाते," अक्षता म्हणाली. पहिलं खोटं तिचं होतं, तेव्हा हेही तिलाच निस्तरायला हवं होतं.

चाचा एकट्याच्या खोलीत होते. दंडाची कातडी सैल झाली होती, श्वास घरघरत होता, पण चादरीवरचा उजवा हात शांत पडला होता. अक्षतानं आपल्या तोंडावरचा मास्क नीट केला आणि स्टूल ओढून बसली.

"चाचा, गोळ्या का घेता? मी बंद करा म्हणाले होते ना?"

"तू म्हणालीस. पर तूच आधी म्हणाली हुतीस, डॉक्टर विसरतील, मी विसरंन, तुम्ही विसरायचं न्हाई." ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मला वाटलं, दवाखान्याकडं गोळ्या सरल्या असतील. पोरीला सांगवत नसंल. असूं दे. मी पिकलं पान हाय गं. पर जाताना हात घिऊन जाईन. तुझ्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांची जवारी काढून झालीया, खर्जाची आन् पंचमाची तेवढी ऱ्हायलीया. तेवढा दम धर."

अक्षताचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "चाचा, पोरं नाहीत."

"आज हजेरी कुठं घेतलीस अजून?"

तिनं फेब्रुवारीची दोन्ही चित्रं त्यांच्यासमोर धरली. आधी काळ्या ठिपक्यांचं दाखवलं, मग दुसरं. घंटा आणि गाय, लोखंड आणि पेशी, सगळं सांगितलं. चाचा दुसऱ्या चित्रावर बोट फिरवत राहिले.

"ही तर कोरी पाटी हाय."

"हो."

"मग भिंतीवरचा त्यो कागद? तू म्हणालीस, मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीन खोटं नाही बोललं. ते म्हणालं, इथं लोखंड आहे. पोरं आहेत असं मी म्हणाले."

चाचा छताकडं बघत राहिले. बाहेर कुणाची तरी चाकांची खुर्ची करकरत गेली. 

"म्हंजे पोरं कवाच गेली," ते हळूच म्हणाले. "कानशी तेवढ्या मागं पडल्यात."

इतकं नेमकं अक्षताला सांगता आलं नसतं.

"आन् दीड वर्स काम कुणी केलं मग?"

"तुम्ही केलंत चाचा. तुम्हीच. तुमच्या स्वतःच्या मेंदूनं केलं."

त्यांनी मान वळवून स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. अक्षतानंही पाहिलं. हात चादरीवर पालथा होता. दोघं त्याच्याकडं बघत होते. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, मधे गोळी धरून वळावी तशी. अक्षतानं झटकन आपला हात त्यावर ठेवला. तिच्या तळव्याखाली ती थरथर मनगटाकडं सरकत गेली.

"बघ," चाचा म्हणाले. "अकराच्या अकरा उठून गेली."

डाव्या हातानं त्यांनी उशीखालची पट्टी काढली आणि तिच्याकडं दिली. तीत सहा गोळ्या उरल्या होत्या.

चाचा जगले. गोळ्या थांबल्या, शरीराचे पहारेकरी उठले, आणि महिनाभरात त्यांनी बुरशी हाकलून लावली. डॉ. शिरगुप्पेंनी समितीला सगळं कळवलं, आपलं खोटंसुद्धा. समितीनं त्यांना आणि अक्षताला समज दिली, आणि चित्रं दाखवायची नाहीत हा नियम ठळक अक्षरात पुन्हा छापला. पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळ्या वाढवून पाहिल्या. चालणं थोडं सुधारलं, पण हात काही आला नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी चाचांनी अक्षताला बोलावणं धाडलं. कारखान्यात भोपळे नव्हते. गाडी परत पाठवली होती. भिंतीवरचा कागद मात्र तसाच होता, कडा वळलेला. मगदूम सरांचा तंबोरा कोपऱ्यात उभा होता. अक्षतानं तारा छेडून पाहिल्या. मधल्या दोन, जोडीच्या तारा गुंजल्या आणि गुंजत राहिल्या. वडील पहाटे रियाजाला बसायचे तेव्हाचा आवाज होता तो. तिला भडभडून आलं. मग तिनं खर्जाच्या तारेवर बोट टाकलं. थप्प.

"हलीमा, च्या टाक," चाचांनी आत आवाज दिला आणि चाची आत गेल्याची खात्री करून घेतली. उजवा हात मांडीवर थरथरत होता. "पोरी, एक काम करशील? हजेरी घे."

"चाचा, असं काय करता?"

"मला सगळं ठावं हाय. पोरं न्हाईत, लोखंड हाय, समदं कळलंय. पर तूच म्हणालीस न्हवं, काम मीच करत हुतो म्हणून? मग मलाच येयाला पायजे. नुसतं एकदा म्हण. बघू तरी."

ते भिंतीला टेकले. मशीनमध्ये मिटायचे तसे डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. एक हात सोडला तर सगळं अंग निश्चल झालं. अक्षता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं घसा खाकरला.

"अकरा," ती म्हणाली. "सगळे हजर."

अगदी तसंच म्हणाली, त्याच पट्टीत, त्याच हसऱ्या सुरात. हात थरथरत राहिला.

"परत."

"अकरा, चाचा. सगळेच्या सगळे हजर आहेत."

चाचांनी मान किंचित कलती केली. तार छेडल्यावर करायचे तशी. अक्षताला ती मान लहानपणापासून ओळखीची होती. आता निकाल लागणार हे तिला कळलं.

"न्हाई," ते डोळे उघडून म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुझ्या आवाजात जवारी ऱ्हायली न्हाई, पोरी. पयल्यांदा म्हणायचीस तवा हुती. तवा तुला सोताला खरं वाटायचं."

 गुण चित्राचा आहे असं मॅडम म्हणाल्या होत्या. चित्र तर अजून भिंतीवरच होतं.

आतून पेल्यांचा आवाज आला. चाचांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि तो मांडीशी दाबून बसले. हलीमाचाची चहा घेऊन आली. अक्षताचा पेला काठोकाठ भरला होता. नवऱ्याचा अर्धा पेला पुढं ठेवताना चाचीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.